विहिरीवरचे इंजिन आणि शिडाची नौका : सहलीत यंत्र बिघडले तर काय करावे

विहिरीवरचे डिझेल इंजिन बंद पडले, तर मराठवाड्यातला शेतकरी आधी ते थंड होऊ देतो, बांधावर बसून चहा घेतो आणि मग पान्हा शोधायला उठतो. समुद्रात हा क्रम चालत नाही, कारण विहीर जागच्या जागी राहते आणि नौका राहत नाही. इंजिन थांबले तरी वारा आणि भरती-ओहोटीचा प्रवाह तिला कुठेतरी नेतच असतात, आणि किनारा जवळ असेल तर ते ‘कुठेतरी’ म्हणजे खडकही असू शकतात. एवढा एक फरक मनात पक्का बसवला, तर पंप, ट्रॅक्टर, ताडपत्री आणि स्टार्टर यांच्या संगतीत वाढलेला माणूस शिडाच्या नौकेवर स्वतःला वाटतो तितका परका नसतो. तसाही समुद्र आपल्याला नवा नाही. पैठणहून राज्य केलेल्या सातवाहनांपैकी यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे.

येथे गृहीत धरलेली सहल अशी आहे : चार ते सहा जणांचा गट, दहा-बारा मीटर लांबीची भाड्याची नौका, तिच्यावर शिडे आणि एक लहान डिझेल इंजिन, आणि हाताशी एक आठवडा. मुंबईला किंवा गोव्याला अशा नौका बहुधा काही तासांसाठी आणि चालकासह मिळतात. आठवडाभर नौकेवरच राहायचे असेल, तर नोव्हेंबर ते एप्रिल या काळात थायलंडमधील फुकेत किंवा उन्हाळ्यात ग्रीस आणि क्रोएशिया हे नेहमीचे पर्याय आहेत. ग्रीस व क्रोएशिया येथे नौका हाकणाऱ्याकडे प्रमाणपत्र असावे लागते. गटात तसे कोणी नसेल तर कप्तान सोबत घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. कप्तान असला तरी पुढील माहिती निरुपयोगी ठरत नाही, कारण एकच माणूस एकाच वेळी सुकाणूवर उभा राहून इंजिनाच्या खोलीत डोके घालू शकत नाही. जालन्याहून गेलेल्या आमच्या पाच जणांच्या गटाने अंदमानच्या समुद्रात काढलेल्या सात दिवसांत चार वस्तू बिघडल्या, आणि त्यांपैकी तीन कप्तानाने नव्हे, तर आमच्यातल्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मित्राने मार्गी लावल्या.

ताबा घेताना

नौका देणाऱ्या कंपनीचा माणूस हसतमुखाने अर्ध्या तासात सगळे दाखवून मोकळा होऊ पाहतो. त्याला थांबवावे आणि दोन तास घ्यावेत, कारण बंदरात विचारलेला प्रश्न फुकट असतो. सर्वांत आधी तळाची फळी उचलून खालची खोलगट जागा, जिला बिल्ज म्हणतात, ती पाहावी. ती कोरडी आहे की ओली, आणि ओली असल्यास पाणी खारे आहे की गोडे, हे बोटाने चाखून ठरवावे. पुढे सहलीत तिथे पाणी दिसले की तुलनेला आधार मिळतो. त्यानंतर तळातून समुद्राचे पाणी आत घेणारे आणि बाहेर सोडणारे सगळे कॉक मोजावेत, प्रत्येक एकदा फिरवून पाहावा आणि कोणता कुठे आहे याचा नकाशा एका कागदावर काढावा. प्रत्येक कॉकजवळ त्याच्या मापाची निमुळती लाकडी गुल्ली बांधलेली असावी. नसेल तर मागून घ्यावी.

मग इंजिन सुरू करून मागच्या बाजूला जावे आणि धुराच्या नळीतून धुराबरोबर पाणी उसळत पडते आहे का ते बघावे. हे पाणी समुद्राचे असते, ते इंजिन थंड करून बाहेर पडते, आणि त्याची नेहमीची धार किती असते हे लक्षात ठेवलेल्या माणसाला पुढचे निम्मे बिघाड वेळेआधी कळतात. समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचा इम्पेलर असतो. सुटा इम्पेलर, सुटा पट्टा आणि डिझेलचे सुटे फिल्टर नौकेवर आहेत का, हे नुसते यादीत वाचू नये, तर डोळ्यांनी पाहावे. पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर पंपाच्या झाकणावरील स्क्रूला बसतो का, हेही तेव्हाच तपासावे. बऱ्याचदा बसत नाही.

विजेच्या बाजूने इंजिन चालू करण्याची बॅटरी आणि दिवे-फ्रिजची बॅटरी वेगळ्या असतात, त्या जोडणारे स्विच कुठे आहे ते विचारावे. काही काळ भार न टाकलेल्या, पूर्ण चार्ज झालेल्या शिशाच्या बॅटरीचा दाब १२.७ व्होल्टच्या आसपास असतो, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी झालेली असते. ट्रॅक्टरवाल्यांना हे सांगण्याची गरज नाही. नांगर ओढणाऱ्या मोटरचा ब्रेकर, गॅसच्या टाकीचा बंद करण्याचा कॉक आणि हाताने मारायचा पाणी उपसण्याचा पंप या तीन जागा गटातील प्रत्येकाला अंधारात सापडल्या पाहिजेत. सुकाणूचे चाक निकामी झाल्यास बसवायचा आणीबाणीचा दांडा केवळ दाखवून घेऊ नये, तो प्रत्यक्ष बसवून पाहावा. आमच्या नौकेवर दांडा होता, परंतु ज्या भोकात तो बसतो त्यावरचे झाकण मिठाने असे घट्ट धरले होते की दोघांना मिळून ते उघडायला बराच वेळ लागला. बंदरात हे चालून जाते.

इंजिन थांबले

पहिले काम इंजिनाकडे धावण्याचे नाही. एकाने सुकाणू सोडू नये, दुसऱ्याने वारा, किनारा आणि नकाशावरील खोली पाहावी, आणि लगेच ठरवावे : पुढचे शीड थोडेसे जरी उघडले तरी नौका सुकाणूला वळू लागते, आणि किनारा जवळ, पाणी उथळ असेल तर नांगर टाकून तिला थांबवता येते. भोवताली मोकळे, खोल पाणी असेल तर घाई कशाचीच नसते. नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या चार ते पाच पट सोडावी, नांगराला साखळीऐवजी दोर असेल तर सात पटींपर्यंत. खोली मोजताना नौकेच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची आणि येणारी भरती धरावी. कोकण किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे वाहतात, हे शाळेतले वाक्य येथे उपयोगी पडते. दुपारी इंजिन बंद पडलेली नौका किनाऱ्याकडे ढकलली जाईल, हे त्यातून आपोआप निघते.

नौका सांभाळली गेल्यावर इंजिन कसे थांबले ते आठवावे. गचके खात, आवाज वर-खाली होत थांबले असेल तर संशय डिझेलवर घ्यावा. एकदम अडकल्यासारखे थांबले असेल तर नौका ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात दोर गेला असण्याची शक्यता मोठी असते. धोक्याची घंटा वाजून, वाफेचा वास येऊन थांबवावे लागले असेल, तर पाणी अडले आहे.

डिझेलची तक्रार आपल्या ओळखीची आहे. बंदरात शांत पडलेली टाकीच्या तळाची घाण लाटांत घुसळून वर येते आणि फिल्टर तुंबतो, किंवा कुठेतरी हवा शिरते. विहिरीवरच्या इंजिनाची हवा जशी काढतो तशीच इथे काढायची : टाकीचा कॉक उघडा आहे याची खात्री करावी, पाणी वेगळे करणाऱ्या वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी व गाळ डब्यात काढावा, फिल्टर बदलावा, मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू एक-दोन आटे सैल करून डिझेलच्या लहान पंपाचा हातदांडा मारत राहावा, आणि बुडबुडे संपून निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. हातदांडा अगदीच हलका लागत असेल आणि डिझेल येतच नसेल, तर पंप बिघडला असे समजण्याआधी इंजिन थोडे फिरवावे. पंपाला ढकलणारा आतला उंचवटा, म्हणजे कॅम, नेमका वर येऊन थांबला असेल तर दांड्याला काम उरत नाही. तेवढ्याने भागले नाही तर नॉझलच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारावा.

मात्र येथेच शेतातली सवय घात करते. विहिरीवरच्या इंजिनाचा धूर सरळ हवेत जातो. नौकेच्या इंजिनात समुद्राचे पाणी धुराच्या नळीत सोडलेले असते आणि ते बाहेर फेकण्याचे काम धुराचा जोर करतो. इंजिन सुरू न होता स्टार्टर पुन्हा पुन्हा मारला, तर पंप पाणी आणतच राहतो, ते फेकायला धूर नसतो, आणि सायलेन्सर भरून पाणी उलटे इंजिनात शिरते. म्हणून दोन-तीन वेळा स्टार्टर मारून इंजिन पकडले नाही, तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करूनच पुढचे प्रयत्न करावेत आणि इंजिनाने पकड घेताच तो लगेच उघडावा. उघडायला विसरणे ही या कामातली दुसरी मोठी चूक. तेव्हा हवा काढताना कॉक बंद केला की इंजिनाची किल्ली त्याच कॉकच्या दांडीला अडकवून ठेवावी आणि स्टार्टर मारायचा असेल तेव्हाच ती काढून घ्यावी, म्हणजे प्रत्येक वेळी कॉककडे लक्ष जाते.

पाणी अडल्याची खूण धुराच्या नळीवर दिसते : धार बारीक होते किंवा नाहीशी होते आणि धूर कोरडा, फटफट आवाजाचा येऊ लागतो. तापमानाच्या काट्याची वाट न पाहता इंजिन बंद करावे. कॉक उघडा आहे का, पाणी गाळणाऱ्या जाळीत शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली आहे का, या क्रमाने पाहावे. जाळी उघडण्याआधी कॉक बंद करावा, नाहीतर समुद्र आत येतो. जाळी स्वच्छ असेल तर इम्पेलर काढावा. त्याची रबरी पाती तुटलेली निघाली, तर मोजावीत, आणि गव्हातले खडे वेचावेत तशी हरवलेली पाती पुढच्या नळीतून आणि उष्णता काढणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी शोधून काढावीत, कारण ती तिथे अडकून राहिली तर नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापते. नवा इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा भांड्यांचा साबण लावावा. हाताशी असते म्हणून साधे ग्रीस लावू नये, त्याने हे रबर फुगून खराब होते. गोड्या पाण्याच्या टाकीचे झाकण इंजिन गरम असताना उघडू नये, हे रेडिएटरचे चटके पाहिलेल्या माणसाला पुन्हा सांगत नाही.

पंख्यात दोर अडकला असेल तर इंजिन बंद करून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, दोराचे वरचे टोक सापडत असेल तर ते हळूहळू मागे ओढत राहावे आणि पुन्हा इंजिन सुरू करून दोर तोडण्याचा मोह टाळावा, त्याने सील किंवा शाफ्ट जाण्याचा संभव असतो. चांगले पोहता येणाऱ्यानेच, नांगर टाकून, पाणी शांत असताना आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून पाण्यात उतरावे. लाटांवर आपटणाऱ्या नौकेच्या खाली डोके नेणे धोक्याचे असते. अशा वेळी शिडावर बंदराच्या तोंडापर्यंत जाऊन ओढून नेणारी होडी मागवणे शहाणपणाचे.

इंजिन मुळीच फिरत नसेल, फक्त ‘टक’ असा आवाज येत असेल, तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, बॅटरीचे मुख्य स्विच चालू आहे का आणि बॅटरीची टोके सैल किंवा हिरवी पडली आहेत का, एवढ्यावर बहुतेकदा उत्तर मिळते. खाऱ्या हवेत तांब्यावर जे हिरवे किटण चढते ते घासकागदाने काढून, टोक आवळून, वर व्हॅसलीन लावावे.

शिडे आणि दोर

भाड्याच्या नौकांवर पुढचे शीड एका उभ्या नळीभोवती गुंडाळलेले असते आणि खालच्या चाकीवरचा दोर ओढून ते उघडले-मिटले जाते. शीड उघडताना हा दोर मोकळा सोडला, तर चाकीवर वेटोळे एकमेकांवर चढतात आणि नंतर शीड मिटता मिटत नाही. वारा वाढलेला असताना हे घडले की माणूस घाबरून विंच, म्हणजे दोर ओढण्याचा रहाट, जोराने फिरवतो, आणि दोर तरी तुटतो किंवा वरचा धातूचा भाग तरी वाकतो. जोर लावण्याऐवजी आधी दुर्बिणीने वरचे टोक पाहावे, शीड वर चढवणारा दोर नळीभोवती गुरफटलेला दिसला तर तो किंचित सैल करून पाहावे, आणि चाकीवरचे वेटोळे हाताने मोकळे करावेत. काहीच जमले नाही तर वारा मागून येईल अशी नौका वळवून, मोठ्या शिडाच्या आडोशात वारा कमी झालेले हे शीड सरळ खाली उतरवून डेकवर बांधून टाकावे. किंवा इंजिन चालू असेल आणि मोकळे पाणी असेल तर नौका गोल-गोल फिरवून शीड स्वतःभोवती गुंडाळून घेता येते. दिसायला ते भांडे पुसायच्या फडक्यासारखे दिसते, पण काम भागते.

विंचवर दोराचे वेटोळे एकमेकांखाली दबून आवळले गेले, तर दुसरा दोर त्या ताणलेल्या दोराला न सरकणाऱ्या गाठीने बांधून दुसऱ्या विंचवर ओढावा, म्हणजे पहिल्यावरचा भार उतरतो आणि तो सुटतो. चाकू शेवटचा उपाय आहे. ताणलेला दोर कापला की त्याचे टोक चाबकासारखे येते.

फाटलेल्या शिडाबद्दल आपली ताडपत्रीची विद्या अर्धीच लागू पडते. पोती शिवण्याची दाभण आणि सुतळी इथे आणू नयेत, कारण दाभणीच्या मोठ्या भोकांच्या रांगेवरच कापड पुढे फाटते आणि ओली सुतळी कुजते. फाटलेली जागा गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, दोन्ही बाजूंनी शिडाची चिकटपट्टी लावावी, पट्टीचे कोपरे गोल कापावेत म्हणजे ते उचलत नाहीत, आणि फाट मोठी असेल तर मेण लावलेल्या बारीक मजबूत धाग्याने, बारीक सुईने वरून टाके घालावेत. तोपर्यंत शीड आखडते घेऊन, फाटका भाग गुंडाळीत जाईल इतके लहान करून पुढे जाता येते.

डोलकाठीवर चढून काहीही दुरुस्त करायचे असेल तर ते बंदरातच. खालच्या माणसाला नौका थोडी हलते असे वाटते तेव्हा पंधरा मीटर उंचीवरचा माणूस झोपाळ्यावर असतो.

लहानसहान, पण सहल नासवणारे

गोडे पाणी संपले किंवा नळी सुटली की पाण्याचा विजेवरचा पंप सतत चालू राहतो. तो आवाज ऐकताच स्विच बंद करावा, नाहीतर पाणी आणि बॅटरी दोन्ही जातात. पाणी जपून कसे वापरावे हे २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्याची वाट पाहिलेल्या लातूरकराला कोणी शिकवू नये. संडासाच्या पंपाबाबत एकच नियम आहे : जे आधी पोटात गेले नाही ते त्यात टाकू नये, कागदसुद्धा नाही. तुंबलाच, तर बाहेरचे कॉक बंद करून मगच उघडावा, आणि सहलीपुरती बादली ठेवून बंदरात दुरुस्त करून घेणे अधिक सुखाचे असते. नांगराची मोटर थांबली तर बहुधा ब्रेकर पडलेला असतो, कारण तिच्याकडून आपण नौका ओढून घेत असतो; आधी इंजिनाने पुढे जाऊन साखळी सैल करावी, मग मोटर चालवावी, आणि बोटे साखळीपासून दूर ठेवावीत.

बिल्जमध्ये अचानक पाणी दिसले तर ते चाखावे. गोडे असेल तर टाकी किंवा नळी फुटली आहे आणि धोका नाही. खारे असेल तर सगळे कॉक, त्यांच्या नळ्या आणि पंख्याच्या शाफ्टची सील हाताने चाचपावी. जलरेषेच्या अर्धा मीटर खाली चार सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर मिनिटाला शंभर लिटरांहून जास्त पाणी आत येते, म्हणजे दोनशे लिटरचे पिंप दोन मिनिटांच्या आत भरते. उपसत बसण्याआधी गुल्ली ठोकणे म्हणूनच महत्त्वाचे. गळती लहान असेल, नळीला चीर गेली असेल, तर सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून घट्ट गुंडाळावी आणि वर तारेने आवळावे. विहिरीच्या पाइपवर टिकते ती पट्टी येथेही तात्पुरती टिकते. गॅसच्या टाकीचा वास आला तर मात्र कोणतेही स्विच, अगदी हवेच्या पंख्याचेही, लावू नये, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बिल्जमध्ये साचतो. टाकीचा कॉक बंद करून, खिडक्या आणि डेकवरची झाकणे उघडून, माणसांना डेकवर आणावे.

कोणाला आणि केव्हा कळवावे

जीवाला धोका असेल, म्हणजे नौका बुडत असेल, आग लागली असेल किंवा माणूस पाण्यात हरवला असेल, तर व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर ‘मेडे’ तीनदा म्हणून नौकेचे नाव, जागा, माणसांची संख्या आणि काय झाले ते सांगावे. इंजिन बंद पडून नौका वाहत आहे, पण लगेच बुडण्याची भीती नाही, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ म्हणावे. भारताच्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनवरून लागतो. रेडिओवरची वाक्ये इंग्रजीत असतात, म्हणून ती मराठी अक्षरांत लिहून रेडिओजवळ चिकटवून ठेवावीत. घाबरलेल्या माणसाला ‘पोझिशन’ हा शब्दही आठवत नाही. पहिल्याच दिवशी तो कागद गटातील प्रत्येकाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.

बाकी सगळ्या बिघाडांसाठी कंपनीला कळवावे, आणि तेही पान्हा उचलण्याआधी. हीच ती दुसरी सवय जी शेतातून येते आणि नडते : आपले इंजिन आपण उघडतो, हे दुसऱ्याचे आहे. फिल्टर, इम्पेलर, पट्टा, जाळी यांना कोणी हरकत घेत नाही, परंतु नॉझल उघडण्याआधी किंवा नवा भाग विकत घेण्याआधी संदेशात लेखी परवानगी घ्यावी, वेळ दिसेल असे फोटो काढावेत आणि बिल जपावे, नाहीतर अनामत रकमेतून वजावट झाल्यावर भांडायला काही हातात राहत नाही. वाया गेलेल्या दिवसाची भरपाई मिळते की नाही हे करारातील तासांच्या मर्यादेवर अवलंबून असते; ती ओळ निघण्यापूर्वीच वाचून ठेवावी.

सोबत नेण्याची पिशवी लहान असावी : पक्कड, दोन पान्हे, नौकेच्या स्क्रूंना बसतील असे दोन स्क्रू-ड्रायव्हर, घासकागद, सायकलची जुनी ट्यूब, बांधण्याची तार, चिकटपट्टी, एम-सील, डोक्यावर लावायची बॅटरी आणि जाड धागा. धारदार वस्तू विमानात खाली जाणाऱ्या सामानात टाकाव्यात आणि पॉवर बँक हातातल्या सामानात.

नौका परत करताना काय बिघडले, काय बदलले आणि काय नुसते बांधून ठेवले आहे याची यादी कंपनीच्या माणसाला द्यावी, आणि बिल्जची फळी उचलून कोणत्या नळीवर ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे ते त्याला दाखवूनच खाली उतरावे.